उचल

त्या साली ऊन लवकर तापलं. सकाळची भांडी घासून होईस्तोवर शेडवरचा पत्रा ताडताड वाजायला लागायचा. घरात तो आवाज सगळ्यांना स्वच्छ ऐकू यायचा, कारण घर आणि शेड यांच्यामध्ये एक भिंत काय ती होती. भिंतीच्या अलीकडे एका लांबट खोलीत चार माणसं राहायची आणि पलीकडे कंपनीच्या कोंबड्या.

कोंबड्या कंपनीच्या, खाद्य कंपनीचं, औषध कंपनीचं. शेड, पाणी, वीज आणि राबणं या घराचं. एका दिवसाची पिल्लं यायची, ती वाढवायची, वजनावर आली की कंपनीची गाडी येऊन घेऊन जायची. त्याला उचल म्हणायचे. उचलीनंतर किलोमागे ठरलेले पैसे मिळत, त्यातून जास्तीची मरतूक, म्हणजे मेलेल्या कोंबड्यांची किंमत, कापून घेत. मग शेड धुवायचं, चुना मारायचा, कोंबड्यांखाली भाताचं नवं तूस अंथरायचं, की पुन्हा पिल्लांची गाडी दारात.

कंपनीच्या कागदावर सही केली तेव्हा घरच्या कर्त्या पुरुषाला नुकतंच मिसरूड फुटलं होतं. आता त्याच्या कानशिलावरचे केस पांढरे झाले होते. बोलणं त्याला कधी जमलं नाही, म्हणून गाव त्याला घुम्या म्हणायचं. त्याच्या बायकोला कारभारीण म्हणत. ते नाव सासूनं पाडलेलं, आणि तेही रागाच्या भरात. लग्न होऊन ती आली तेव्हा या घरात पैसा यायचा तसा जायचा. उचल झाली की चार दिवस चंगळ, मग पुढची उचल होईपर्यंत दुकानदारापुढे तोंड लपवणं. सुनेनं दोन वर्षं बघितलं आणि तिसऱ्या वर्षी पैसे हातात घेतले. गावातल्या शिंप्याकडून उरल्यासुरल्या कापडाच्या तीन पिशव्या शिवून आणल्या. पांढरी घरखर्चाची, निळी शेडची, हिरवी औषधपाण्याची. पैसे आले की तिघींत वाटायचे आणि एकीतलं दुसरीत जाऊ द्यायचं नाही.

"आली मोठी कारभारीण," सासू म्हणाली होती. नाव चिकटलं आणि पुढं सासूच ते कौतुकानं घ्यायला लागली.

चौथी पिशवी, तांबडी, बरीच नंतर आली. घुम्याची पोर, सगळे तिला बारकी म्हणत, तेव्हा चौथीत होती. एक दिवस शाळेतून आली आणि दप्तर ठेवता ठेवता म्हणाली, "आई, बाईंनी मला खिडकीजवळ बसवलं. एकटीलाच."

"का गं?"

"वारा येतो म्हणून." मग ती म्हणाली, "म्हणजे वास बाहेर जातो."

ती रडली नाही. तिनं साबण घेतला आणि केस धुवायला गेली. त्या दिवसापासून ती रोज केस धुवायची, आणि रोज ते वाळेपर्यंत शेडचा वास पुन्हा त्यांत बसायचा.

त्याच संध्याकाळी कारभारणीनं सगळ्यांना समोर बसवलं. गावात शिंप्याचं दोन खोल्यांचं घर होतं. दोन्ही बाजूंना खिडक्या. शिंपी दोन-चार वर्षांत मुलाकडे राहायला जाणार होता आणि घर विकणार होता. ते घर घ्यायचं, असं तिनं सांगितलं. शेडवर कामापुरतं यायचं, राहायचं गावात.

"पैसे?" घुम्या म्हणाला.

"साठवायचे. आता सांगा, कोण काय सोडणार."

घुम्यानं कमरेची चंची काढून जमिनीवर ठेवली. "तंबाखू," तो म्हणाला.

"मी काय सोडू बाई," सासू म्हणाली. "दात होते ते आधीच सोडून गेले."

बारकी हसली. म्हातारीही हसली, आणि मग तिनं दुपारचा चहा सोडला. बारकीनं शाळेची सहल सोडली. कारभारणीनं स्वतःचं काय सोडलं ते कुणी विचारलं नाही, कारण सोडण्यासारखं तिच्याकडे काही दिसतच नव्हतं. शेवटी तिनं शेडवरच्या गड्याला सोडलं. त्याचा पगार तांबडीत जाऊ लागला आणि त्याचं काम घरातल्या चौघांत वाटलं गेलं. तूस खालीवर करायचं काम म्हातारीच्या वाट्याला आलं. ते हलकं, सावलीतलं काम आहे, असं सगळ्यांना वाटलं. दाताळं घेऊन ती रोज सकाळी शेडच्या एका टोकाला शिरायची आणि धुळीनं पांढरी होऊन दुसऱ्या टोकाला निघायची.

तांबडी भरली की कारभारीण ती शिंप्याकडे नेऊन रिकामी करायची. घरात ठेवलं तर शेड खाईल, हे ती ओळखून होती. शेडचं पोट कधी भरत नसे. कधी पत्रा उडायचा, कधी पंप जळायचा, कधी कंपनी खाद्याची नवी भांडी घ्यायला लावायची. शिंप्याकडे गेलेला पैसा मात्र शिंप्याकडे राहायचा. त्या उन्हाळ्यापर्यंत घराचा बहुतेक पैसा फिटत आला होता. एक-दोन बॅचा चांगल्या निघाल्या असत्या तर किल्ली हातात आली असती.

आणि ऊन तापलं.

शेडमधल्या कोंबड्या तेव्हा चांगल्या भरल्या होत्या. भरलेली कोंबडी उन्हाला लवकर हरते. दुपारी त्या पंख पसरून, चोची उघड्या टाकून बसायच्या. एकदा बसली की उठायची नाही, आणि उठली नाही की गेली. म्हणून चौघं आळीपाळीनं त्यांच्यातून हळूहळू चालत फिरायची. पायांनी नुसतं सरकवायचं, घाबरवायचं नाही. जाळीला गोणपाटं टांगली होती, त्यांवर पाणी मारायचं. दुपारचं खाद्य उचलून ठेवायचं. छपरावर वाळकं गवत पसरून ते भिजवायचं. पाणी, पाणी आणि पाणी. विहिरीनं तळ दाखवला होता. पंप अर्धा तास चालायचा आणि मग नुसती हवा ओढायचा.

"साबण संपला," बारकी म्हणाली.

"महिना संपू दे," कारभारीण म्हणाली.

"साबणाला कॅलेंडर वाचता येत नाही गं," म्हातारी भिंतीला टेकून म्हणाली आणि हसता हसता तिला खोकला आला. तो खोकला हल्ली लांबायला लागला होता. सुरू झाला की तिचे खांदे कानांपर्यंत वर चढायचे आणि डोळ्यांतून पाणी यायचं. मग ती हातानंच "काही नाही, काही नाही" अशी खूण करायची.

पहिल्या दिवशी टोपलीभर कोंबड्या मेल्या. घुम्यानं शेडमागे खड्डा काढला, चुना टाकून बुजवला. दुसऱ्या दिवशी खड्डा मोठा काढावा लागला.

कंपनीचा सुपरवायझर आला तो गाडीत बसून राहिला. काच चार बोटं खाली केली आणि तेवढ्या फटीतून बोलला. आतून गार हवेचा झोत घुम्याच्या हनुवटीवर येत होता.

"किती गेल्या?"

घुम्यानं सांगितलं.

"पाणी कमी पडतंय तुमच्याकडे. मी तसं लिहितो."

"साहेब, उचल करा," घुम्या म्हणाला. एवढं बोलायला त्यानं सकाळपासून तयारी केली होती. "वजनावर आल्यात. आता धरून ठेवल्या तर मरतील."

"बाजार पडलाय. आठवडाभर तरी उचल नाही."

"मग कमी का होईना, थोड्या तरी उचला."

"ते माझ्या हातात आहे का? वरून गाडी सुटली की येईल." त्याची नजर घुम्याच्या मागे उभ्या असलेल्या कारभारणीकडे गेली. "टँकर लावा. एवढ्या वर्षांचे शेतकरी तुम्ही, तुम्हाला काय सांगायचं. आणि मरतूक वाढली तर ती तुमच्या नावावर, हे माहीत आहे ना."

"कोंबड्या तुमच्या आणि मरण आमचं का?" कारभारीण म्हणाली.

सुपरवायझर रागावला नाही. त्याला रागवायलाही बाहेर यावं लागलं असतं. "कागद वाचा, बाई," तो म्हणाला आणि काच वर गेली.

त्या दिवशी जेवताना म्हातारी म्हणाली, "आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना. विकायला जावं तर कोंबडी आपली नाही, आणि मरू द्यावं तर ती आपली."

"आत्याबाई, जेवा," कारभारीण म्हणाली.

निळी पिशवी दोन टँकरांत संपली. टँकरवाल्यानं भाव वाढवला होता. सगळ्या वाडीवस्तीत त्याच्या पाण्याची वाट बघणारे उभे होते आणि तोही शेवटी पोट घेऊन आलेलाच. मग कारभारणीनं कधी केलं नव्हतं ते केलं. पांढरीतला पैसा निळीच्या कामाला लावला. दुकानातून आणायचं निम्म्यावर आणलं. बारकीनं ताटातलं अर्धं तिथंच ठेवलं आणि म्हणाली भूक नाही. उन्हानं कुणालाच भूक नव्हती, त्यामुळे ते खरंही वाटलं.

मग हिरवी राहिली. हिरवीत म्हातारीच्या खोकल्याच्या औषधाचे पैसे होते. कारभारीण पिशवी मांडीवर घेऊन बसली होती तेव्हा म्हातारी बघत होती.

"काढ," ती म्हणाली. "त्या बाटलीनं मला काही होत नाही. गोड लागते म्हणून पिते मी."

"खरं सांगता?"

"खोटं बोलून मला काय मिळायचंय? चहा तर तू देणार नाहीसच."

कारभारणीनं काढले. तेवढ्या पैशांत आणखी एक टँकर आला. पाणी टाकीत पडताना बारकी त्याच्याखाली हात धरून उभी राहिली, तर आई ओरडली की एक थेंब सांडू नको.

पण ऊन हटेना, आणि उचलीची गाडीही येईना. सुपरवायझर फोनवर रोज "परवा" म्हणायचा. एका दुपारी वीज गेली. शेडमधले पंखे थांबले. ती शांतता एवढी एकदम पसरली की चौघंही जिथं होती तिथून पळत शेडमध्ये आली. कोंबड्या एकमेकींवर चढत जाळीच्या कडेला जमल्या होत्या. घुम्या आणि कारभारीण हातांनी त्यांना वेगळं करत होते, बारकी गोणपाटानं वारा घालत होती. वीज तासाभरानं आली, पण तोवर कडेच्या ढिगाखालच्या गुदमरल्या होत्या. घुम्या एकेकीचे पाय धरून बाहेर आणून टाकत होता. मग तो थांबला. मेलेली कोंबडी हातात तशीच धरून तो बायकोसमोर उभा राहिला.

"शिंप्याकडं जा," तो म्हणाला.

"नाही."

"सगळ्या जातील."

"जाऊ दे. एक बॅच गेली असं धरू."

"सगळ्या गेल्या तर कंपनी पिल्लांचे पैसे मागेल. खाद्याचे मागेल. कागदावर आहे." तो इतकं सलग कधी बोलत नसे. "शिंप्याकडचे जातील ते जातीलच, वर शेड जाईल."

तिनं मनातल्या मनात मांडून पाहिलं, पुन्हा मांडून पाहिलं. कुठूनही धरलं तरी हिशोब त्याच दाराशी येऊन थांबत होता. तिनं तोंडावरून ओला हात फिरवला, तांबडी पिशवी कमरेला खोचली आणि ऊन डोक्यावर असताना गावात निघाली.

शिंप्याच्या घरात दुपारी अंधारल्यासारखं गार असायचं. शिंपी मशीनवर होता. ती दर वेळी भरली पिशवी घेऊन यायची, म्हणून त्यानं चष्मा वर केला आणि हसून म्हणाला, "बसा, बसा. एवढ्या उन्हात कशाला आलात? पैसे काय पळून चाललेत?"

शिंपीणबाईनं पाणी आणून दिलं. कारभारीण ते एका दमात प्यायली. मग भांडं हातात धरून ती खोलीकडे बघत राहिली. खिडकीखाली आत्याबाईंची खाट, हे कधीचं ठरलं होतं. पलीकडच्या खोलीत बारकीचं अभ्यासाचं टेबल. भिंतीत एक खिळा होता, त्याला आरसा लावायचा. बारकीनं तो खिळा स्वतः बघून ठेवला होता.

"दादा," ती म्हणाली, "पैसे परत हवेत."

शिंप्याचा पाय मशीनवरून खाली आला. "सगळे?"

"सगळे नको. पण लागतील तेवढे. आणि किती लागतील ते सांगता येत नाही."

शिंपी भला माणूस होता. त्यानं कारण विचारलं नाही. गावात टँकरच्या फेऱ्या त्यालाही दिसत होत्या. तो आत गेला, बराच वेळ पेटी उघडल्याचा आवाज आला, मग नोटा घेऊन आला आणि तिच्यासमोर ठेवल्या. "माझ्या मुलाला काही पाठवलेत मी यातले. उरलेले हे. ते नंतर देईन." मग तो मशीनवरच्या कापडाची घडी उगाच नीट करत म्हणाला, "वहिनी, मी तुमच्यासाठी थांबलो असतो. पण मुलगा मागे लागलाय. दूध केंद्रवाला रोख द्यायला तयार आहे. तो दोनदा येऊन गेला, मी त्याला नाही म्हटलं."

"आता हो म्हणा," कारभारीण म्हणाली.

"बघा, अजून आठवडा…"

"नको दादा. हो म्हणा. तुम्ही आठवडा थांबलात तर मी आठवडाभर आशा धरीन."

शिंपीणबाईनं तिला आणखी पाणी विचारलं. ती नको म्हणाली. पिशवी कमरेला घट्ट बांधून ती बाहेर पडली, आणि वाटेतच टँकरवाल्याच्या घरी थांबून तीन फेऱ्यांचे पैसे देऊन आली, कारण घरी नेले असते तर देववले नसते.

पाणी आलं. छपरावरचं गवत दिवसभर ओलं राहू लागलं. पंख्यांसाठी भाड्यानं जनरेटर आला. मरतूक खाली आली, मग हाताच्या बोटांवर आली. घुम्या पहिल्यांदा पोटभर जेवला. सगळं जमून आल्यासारखं वाटत होतं तेव्हाच म्हातारी पडली.

सततच्या पाण्यानं तूस भिजलं होतं. भिजलं तूस बसलं की त्यातून झणझणीत वास सुटतो आणि डोळ्यांत जातो. ते मोकळं करावंच लागतं. कारभारीण छपरावर पाणी मारत होती, घुम्या जनरेटरचं तेल आणायला गेला होता. म्हातारीनं कुणी न सांगता दाताळं घेतलं आणि आत शिरली. बारकी गोणपाटं भिजवत होती. तिला आधी खोकला ऐकू आला, मग दाताळं पडल्याचा आवाज, मग खोकलाही नाही.

म्हातारी तुसावर कुशीवर पडली होती. कोंबड्या तिच्याभोवती जमल्या होत्या, दोन तिच्या पायाला टेकून बसल्या होत्या. ओठ निळे पडले होते. बारकीनं आईला हाक मारली ती छपरावर ऐकू गेली.

दवाखान्यातला डॉक्टर तरुण होता आणि थकलेला. म्हातारीला नळी लावून झाल्यावर तो कारभारणीला बाहेर घेऊन आला. "कुठं काम करतात या?"

"कुठंच नाही. घरीच असतात."

"घर कुठं आहे?"

तिनं सांगितलं.

डॉक्टरानं मान हलवली. "छाती धुळीनं आणि त्या वासानं खराब झालीय. आज-उद्याची नाही, वर्षानुवर्षांची आहे. आता बऱ्या होतील. पण पुन्हा तिथं ठेवू नका. दुसरीकडे राहायची सोय होईल ना?"

"होणार होती," कारभारीण म्हणाली.

डॉक्टरला ते नीट ऐकू आलं नसावं. त्यानं औषधं लिहून दिली. ती औषधं शिंप्याच्या पैशांतूनच आली.

आत म्हातारी डोळे उघडून पडली होती. सून जवळ बसली तशी म्हणाली, "किती घेतले?"

"तुम्हाला काय करायचंय?"

"कोंबड्या?"

"आहेत."

"मग झालं." थोडा वेळ तिनं नुसता श्वास घेतला. "मी लेकीकडं जाते. तिच्याकडं मोकळं रान आहे."

"आत्याबाई, मी काही म्हटलं का?"

"तू कशाला म्हणशील. तू म्हणणार नाहीस म्हणून मीच म्हणते." तिनं सुनेच्या हातावर हात ठेवला. हात कोरडा होता, नखांत अजून तूस होतं. "लेकीच्या दारात मरायचं नाही असं म्हणायचे मी. पण मरायचं कुणाला आहे? मी राहायला चाललेय. चार दिवस."

घुम्या दाराशी उभा होता. त्याला सगळं ऐकू आलं होतं. तो आत आला नाही.

उचलीची गाडी त्या आठवड्याच्या शेवटी आली. बाजार चढला असावा. सुपरवायझर या वेळी गाडीतून उतरला, नाकाला रुमाल लावून वजनकाट्याजवळ उभा राहिला. माणसं कोंबड्या पाय धरून उचलत होती आणि एका हातात चार-चार, पाच-पाच उलट्या लटकवून पिंजऱ्यांत कोंबत होती. पिसं सगळीकडे उडत होती. म्हातारी खाटेवर बाहेर, वाऱ्याच्या बाजूला बसली होती. तिचं गाठोडं शेजारी होतं.

"गाडी कुठल्या रस्त्यानं जाते रे?" तिनं ड्रायव्हरला विचारलं.

त्यानं सांगितलं. तो रस्ता लेकीच्या गावावरून जात होता.

"पुढं जागा असते?"

"आजी, कोंबड्यांच्या गाडीत?"

"मग काय झालं? आयुष्य यांच्यातच गेलं. पुढं बसीन, काच उघडी ठेव."

"आत्याबाई, नको," कारभारीण म्हणाली. "मी भाड्याची गाडी सांगितलीय. पैसे आहेत."

"सांगितली असशील तर नको म्हणून सांग. गाडी तिकडूनच चाललीय, उगाच कशाला भाडं?" आणि ती हसली. "तुझ्याच हाताखाली शिकले."

घुम्यानं आईला दोन्ही हातांवर उचललं आणि पुढच्या सीटवर बसवलं. तिचं वजन त्याला एवढं कमी लागलं की तो क्षणभर तसाच धरून उभा राहिला. बारकीनं गाठोडं पायाशी ठेवलं, औषधाची पिशवी मांडीवर दिली आणि कोणती गोळी सकाळी, कोणती संध्याकाळी ते पुन्हा सांगितलं.

"लिहिलंय ना तू? मग तुझी आत्या वाचेल," म्हातारी म्हणाली. तिनं बारकीच्या केसांवर हात फिरवला. "साबण आण गं हिला," असं ती सुनेला म्हणाली. गाडी सुरू झाली. मागे पिंजऱ्यांवर पिंजरे, त्यांतून बाहेर आलेले पांढरे पंख, आणि पुढच्या काचेत म्हातारीचं डोकं वळणापर्यंत दिसत होतं.

मग रोजचं काम होतंच. तूस उपसून बाहेर टाकलं, शेड धुतलं, चुना मारला. कारभारीण ब्रश मारायची आणि घुम्या बादली सरकवायचा. शिंप्याच्या घरात दूध केंद्रवाल्याची माणसं राहायला आली, असं बारकीनं शाळेतून येऊन सांगितलं. कारभारणीनं "बरं झालं, चांगली माणसं आहेत," एवढंच म्हटलं.

कंपनीचे पैसे आले. मरतूक कापून, उचल लांबली तेवढ्या दिवसांचं खाद्य कापून जे राहिलं ते आलं. कारभारणीनं नणंदेकडे सासूच्या औषधाचे पाठवले. नणंदेनं ते तसेच परत पाठवले. निरोप होता, माझी आई मला जड नाही. आणि खाली म्हातारीचा निरोप होता, खोकला कमी आहे, इथं चहा तीनदा मिळतो.

दुपारी कारभारीण नोटा आणि पिशव्या घेऊन बसली. तिचं लक्ष लागेना म्हणून तिनं बारकीला वाटे करायला सांगितले. पोरीचा हात हिशोबात चांगला होता. तिनं भराभर वाटे केले, मग थांबून पुन्हा केले.

"आई, या वेळी उरतायत."

"नीट मोज."

"मोजलं. घरखर्चाला एवढे लागत नाहीत आता. आणि हिरवीतले तर सगळेच उरतात." ती बोलली आणि बोलून झाल्यावर तिला कळलं. तिनं नोटांवरचा हात मागे घेतला.

घुम्या दारात बसून जाळीचं छिद्र तारेनं शिवत होता. त्याचा हात थांबला. कारभारीण त्या उरलेल्या नोटांकडे बघत राहिली. इतक्या वर्षांत हिशोब पहिल्यांदा असा सरळ, कुठंही न ओढता जुळला होता. त्या नोटा कुठल्या पिशवीत टाकायच्या ते तिला सुचेना.

बाहेर हॉर्न वाजला. पिल्लांची गाडी आली होती.

तिनं नोटा तशाच उशीखाली सारल्या आणि उठली. खोके उतरवले, उबेचे दिवे लावले. नव्या तुसावर पिवळी पिल्लं ओतली तशी शेडभर चिवचिव उठली. आलेल्या पिल्लाला पाणी कसं प्यायचं ते ठाऊक नसतं. एकेक उचलून चोच पाण्यात बुडवावी लागते. तिघं गुडघ्यांवर बसली आणि कामाला लागली. कारभारीण एक पिल्लू उचलायची, चोच बुडवायची, खाली सोडायची, दुसरं उचलायची.

बऱ्याच वेळानं घुम्या म्हणाला, "आईला कधी आणायचं?"

डॉक्टर काय म्हणाला होता ते दोघांनाही माहीत होतं. कारभारणीनं हातातल्या पिल्लाची चोच पाण्यात बुडवली. त्यानं मान वर करून पाणी गिळलं.

"ही बॅच निघू दे," ती म्हणाली आणि पुढचं पिल्लू उचललं.